सांगलीतलं खारं पाणी

सांगलीहून समुद्र पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. कोल्हापूर, आंबा घाट करत रत्नागिरी गाठायला चार-पाच तास जातात. साताऱ्याहून कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण अशी वाट धरली तरी फार फरक पडत नाही. इतक्या आत, उसाच्या आणि हळदीच्या मुलखात, खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाक्या असतात हे बाहेरच्या माणसाला पटकन खरं वाटत नाही. पण आहेत. मिरजेतल्या रुग्णालयांच्या वेटिंग हॉलमध्ये आहेत, विश्रामबागेतल्या बंगल्यांत आहेत, साताऱ्याला हायवेवरच्या हॉटेलांत आहेत. त्यांतल्या बऱ्याच टाक्यांचं पाणी बदलणं, काच घासणं, आजारी मासा बघायला जाणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. विलिंग्डन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलो. पुस्तकातला मासा आणि टाकीतला मासा यांच्यातलं अंतर मात्र हात खारे झाल्यावरच कळत गेलं.

सुरुवातीला सगळं काम गोड्या पाण्याचं होतं. गोल्डफिश, एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ आला आणि नंतरच्या काही वर्षांत आमच्याकडची पोरंही ‘निमो पाहिजे’ म्हणू लागली. निमोबरोबर डोरी हवीच. सिनेमात दोघं जोडीने फिरतात, त्यामुळे ते एकत्र राहू शकतात का हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. भांडणाचा प्रश्न खरंच नाही; प्रश्न जागेचा आहे. निमो म्हणजे क्लाऊन मासा, बोटभर लांबीचा. आयुष्य एका समुद्रफुलाच्या आसऱ्याने काढतो, म्हणून शंभर लिटरमध्येही सुखाने राहतो. डोरी म्हणजे ब्लू टँग. विकायला येते तेव्हा रुपयाएवढी असते, वाढते तीस सेंटिमीटरपर्यंत, आणि दिवसभर पोहत राहणं हा तिचा स्वभाव आहे. तीन फुटी टाकीत ती कडेकडेने फेऱ्या मारते, मग अंगावर ठिपके येतात, मग डोक्याजवळची कातडी झिजते. शेजारचा क्लाऊन त्याच पाण्यात अंडी घालत असतो.

या धंद्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: ‘हे दोन मासे जुळतील का?’ लोकांच्या मनात असतं ते भांडण. चावतो का, पळवतो का. मी आता या प्रश्नाचं उत्तर पाण्यापासून द्यायला लागतो, कारण टाकी म्हणजे एकाच आडाचं पाणी पिणारी आळी. समुद्रात एक मासा मेला, चिडला, आजारी पडला, तर त्याचं विष लाटेबरोबर निघून जातं. सांगलीतल्या काचेच्या पेटीत ते जाणार कुठे?

आणि हे पाणी तरी आपसूक आलेलं कुठे असतं! ते बनवावं लागतं. लोक विचारतात, बाजारातलं जाडं मीठ टाकलं तर चालणार नाही का? नाही चालत. खायचं मीठ म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. म्हणून तयार मिश्र मिठाच्या पिशव्या आणायच्या, आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम विरघळवायचं. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो. मग घनता १.०२५च्या जवळ आली का ते रिफ्रॅक्टोमीटरने बघायचं. आमचा एप्रिल-मे चाळीस अंशांना टेकतो, माशांना हवं असतं पंचवीस-सव्वीस. म्हणजे चिलर आला, विजेचं बिल आलं. शिवाय उन्हाळ्यात वाफ होते ती नुसत्या गोड्या पाण्याची. मीठ मागे राहतं. घरातल्या बाईने किंवा हॉस्पिटलच्या मावशींनी कमी झालेली पातळी खाऱ्या पाण्याने भरली की आठवडाभरात टाकी समुद्राहून खारट होते. साताऱ्याला हवा जरा नरम, तिथे चिलरला कमी कष्ट पडतात.

रत्नागिरीहून थेट समुद्राचं पाणी आणायचा मोहही अनेकांना होतो. किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात नद्यांच्या पुराने गोडसर आणि गढूळ झालेलं असतं, आणि कॅनमध्ये दिवसभर तापलेलं पाणी पोचेपर्यंत त्यातले सूक्ष्मजीव मरून कुजायला लागतात. रत्नागिरीला जावं ते झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय बघायला. कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र आहे. टाकी लावायची म्हणणाऱ्या माणसाला मी आधी तिथे पाठवतो. व्हेलचा सांगाडा बघून पोरं हरखतात, आणि थोरांना एका टाकीत किती मासे ठेवायचे असतात याचा अंदाज येतो.

मिरजेतल्या एका टाकीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण न जुळणारे मासे म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं. रुग्णालयाचं नाव घेत नाही. चारशे लिटरची देखणी टाकी, मुंबईच्या माणसांनी येऊन बसवलेली. मला बोलावलं ते नंतरच्या देखभालीसाठी. डॉक्टरसाहेबांची इच्छा एवढीच होती, की इतर कुणाकडे नसतील असे मासे असावेत. पेशंट ताटकळलेले असतात, त्यांचं मन रमावं. हेतू चांगला होता. टाकीत एक लायनफिश होता, एक पिकासो ट्रिगर, दोन शिंगं असलेला पिवळा काऊफिश, एक नक्षीदार वाम, पाचसहा डॅमसेल आणि दोन लाल-पांढरी कोळंबी. एकेक प्राणी बघत बसावं असा. सगळे एकत्र बघून माझ्या पोटात गोळा आला.

लायनफिश काही पाठलाग करत नाही. पंखे पसरून संथ तरंगतो, समोरच्याला कोपऱ्यात घेतो आणि तोंड उघडतो. त्याच्या अंगाच्या निम्म्या लांबीचा मासाही आत जातो. डॅमसेल रोज एक याप्रमाणे कमी होत होती आणि रात्रपाळीच्या मुलाला वाटत होतं, की ती फिल्टरमध्ये अडकतात. वामेने कोळंबी केव्हाच संपवली होती. तिचं अन्नच ते. नक्षीदार वाम माशांना सहसा त्रास देत नाही, पण कवचवाल्याला सोडत नाही. ट्रिगर लायनफिशचे झुलते पंख कुरतडत होता. आणि या सगळ्यांत काऊफिश, चौकोनी पेटीसारख्या अंगाचा, धड पळता न येणारा, ट्रिगर आला की कोपऱ्यात दबणारा.

काऊफिशच्या कातडीत विष असतं. काटा नाही, दात नाही. अंगावरच्या चिकट स्रावातून ते पाण्यात सुटतं. घाबरला, आजारी पडला किंवा मेला की. त्याचे गुण साबणासारखे असतात, रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. समुद्रात हा स्राव शत्रूच्या तोंडाची चव बिघडवतो आणि मासा वाचतो. बंद टाकीत तोच स्राव सगळ्यांच्या कल्ल्यांतून फिरतो, खुद्द काऊफिशच्याही. मी डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं, की ट्रिगर किंवा काऊफिश यांतला एक आज हलवू. ते म्हणाले, ‘रविवारी ओपीडी बंद असते, तेव्हा निवांत करू या.’ त्यांचंही बरोबर होतं; हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

रविवार उजाडायच्या आधीच फोन आला. रात्री केव्हातरी काऊफिश पॉवरहेड पंपाच्या जाळीला चिकटून मेला होता. पाण्यावर फेस होता. लायनफिश उलटा, ट्रिगर तळाशी कडेवर, उरलेली डॅमसेल पांढरी पडलेली. वाम तेवढी दगडाखाली कल्ले हलवत होती. तिला ताज्या खाऱ्या पाण्याच्या टबात काढलं, हवेचा दगड सोडला, टाकीत भरपूर कार्बन टाकून पाणी उपसायला घेतलं. वाम वाचली. डॉक्टर खाली उतरले, बराच वेळ काचेजवळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘आपण यांना एकत्र ठेवायलाच नको होतं.’ त्यानंतर त्या हॉलमध्ये वाम एकटी राहिली, आणि पेशंटची पोरं ती दगडातून डोकं कधी काढते याची वाट बघत बसायची.

काऊफिश मी तेव्हापासून कुणालाही देत नाही. कुणी पाहिजेच म्हटलं तर मोठी टाकी, तो एकटा, आणि पंपाच्या तोंडाला जाळी, या अटीवर दुसऱ्या दुकानाचं नाव सांगतो.

विष सोडून भुकेकडे येऊ. आमच्याकडे मासे येतात ते मुंबईहून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, थर्माकोलच्या डब्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून. पहाटे डबा उघडताना कधीकधी त्यात असा जीव निघतो की तो आणणाऱ्यालाही तो काय खातो ते माहीत नसतं. मँडरिन मासा त्यातला. निळ्या-नारिंगी रेघांचा, पैठणीच्या पदरावर शोभावा असा. तो कुणाशी भांडत नाही, कुणाला विषबाधा करत नाही. मोजक्या नशीबवान टाक्या सोडल्या तर हळूहळू उपासाने मरतो. दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड तो दिवसभर टिपत असतो. नव्या टाकीत ते नसतात, असले तर चपळ रॅस मासे आधी खाऊन टाकतात. पोट खपाटीला गेलेला मँडरिन महिनाभर रंगीतच दिसतो, म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही.

क्लीनर रॅसचं तेच. हा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, म्हणून दुकानदार त्याला ‘डॉक्टर मासा’ म्हणून गळ्यात घालतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर झालेल्या मोजणीत असा एक मासा दिवसाला सरासरी बाराशे परजीवी खाताना आढळला. आमच्या टाकीत मासे असतात पाच. बाराशे परजीवी आणायचे कुठून? आणि ज्या टाकीत खरोखरच तेवढे परजीवी असतील, तिथे हा डॉक्टर पुरा पडत नाही; ती टाकी आधीच हाताबाहेर गेलेली असते.

परजीवींचा विषय निघाला म्हणून सांगतो, जुळण्या-न जुळण्याचा एक भाग औषधाच्या वेळी उघडा पडतो आणि लोक तो आधी धरतच नाहीत. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे तांबं, मोजून मापून दिलेलं. त्याच तांब्याने कोळंबी, गोगलगाय, खेकडा, समुद्रफूल मरतात. वामेला आणि लायनफिशलाही ते नीट सोसत नाही. म्हणजे एका टाकीत ट्रिगरवर उपचार करायचा तर वामेचा जीव टांगणीला. म्हणून सगळे मासे बाहेर काढून आजारी माशांना वेगळ्या टाकीत औषध द्यावं लागतं आणि मोठी टाकी दोन-अडीच महिने माशांविना रिकामी ठेवावी लागते, कारण या रोगाच्या जंतूची गाठ तळाशी चिकटून वाट बघत असते. रिकामी टाकी चालू ठेवून तिचं वीजबिल भरायला फार थोडे मालक तयार होतात. माझा आग्रह असतो, की नवा मासा आधी महिनाभर घरातल्या साध्या, वेगळ्या टाकीत ठेवावा. कुपवाडच्या एका बांधकाम ठेकेदाराने जिन्याखाली अशी टाकी कायमची लावून घेतली आहे. त्यांच्याकडे रोग घरभर पसरल्याचं मला आठवत नाही.

लहान मासे गरीब असतात, हाही एक गैरसमज. नव्या टाकीत जिवाणू तयार व्हावेत म्हणून दुकानदार डॅमसेल सोडायला सांगतात. स्वस्त आणि काटक. तीन पांढरे ठिपके असलेला काळा डोमिनो डॅमसेल नखाएवढा असताना गोंडस दिसतो. मोठा झाला की टाकीचा एक कोपरा त्याचा होतो, मग अर्धी टाकी, मग सगळी. नंतर आलेला कुठलाही मासा तो थकवून मारतो. त्याला पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात. आम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड उलटं बसवून सापळा करतो आणि आत कोळंबीचा तुकडा ठेवतो. डोमिनो हुशार असतो, एकदा फसला की दुसऱ्यांदा आत जात नाही. माशांचा क्रम म्हणून महत्त्वाचा: बुजरे आधी, दांडगे शेवटी, आणि एकाच घडणीचे दोन मासे शक्यतो नाहीत. जिवाणू वाढवायला आता मासा लागतही नाही, अमोनियाचे थेंब पुरतात.

दगडांवरूनही बरीच ओढाताण होते. समुद्रातला प्रवाळ-दगड मागणारे पुष्कळ असतात, पण जिवंत असो वा मेलेलं, दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. २००१ साली प्रवाळं आणि समुद्रघोडे त्या कायद्याच्या यादीत आले. मग आम्ही काय वापरणार? सातारकर म्हणतात, पाचगणीकडचा जांभा भोकाभोकांचा असतो, तोच टाकू. जांभ्यात लोह जास्त, आणि तो ठिसूळही. आम्ही सिरॅमिकचे दगड वापरतो, क्वचित आपला काळा बसाल्ट. समुद्रघोड्याची विचारणा मात्र अजून होते. मी नाही म्हणतो. कायद्याची भीती तर आहेच, पण नुसत्या काऊफिशने किंवा क्लाऊनने दाणा पटकन उचलला तरी समुद्रघोडा उपाशी राहतो, इतका तो संथ असतो.

सगळ्यात वेगळा मासा मी पाहिला तो अँगलर, ज्याला काही जण फ्रॉगफिश म्हणतात. मातीच्या गोळ्यासारखा, डोक्यावर गळाची काठी आणि टोकाला आमिष. साताऱ्यातल्या एका हौशी गृहस्थांनी तो मागवला. त्यांच्या टाकीत आधीचा एक लहान लायनफिश होता आणि त्यांना वाटलं, लायनफिशचे विषारी काटे पाहून त्याला कोण हात लावणार? अँगलर आपल्या अंगाएवढा मासा गिळू शकतो, आणि त्याचा झेल जेमतेम काही मिलिसेकंदांचा असतो, हे शास्त्रज्ञांच्या चित्रीकरणात दिसलं आहे. मी त्यांना दोन टाक्या करायला लावल्या. आज अँगलर एकटा आहे, दोन-तीन दिवसांतून एकदा चिमट्याने खातो, आणि त्या घरची आजी त्याला ‘आमचा दगडोबा’ म्हणते.

त्याच गृहस्थांच्या घरी लायनफिशचा काटा लागला. त्यांच्या मोठ्या मुलाने शेवाळ पुसायला हात घातला, मासा मागच्या कोपऱ्यात होता, हात त्याच्याकडे सरकला. लायनफिश हल्ला करत नाही; कोंडीत सापडला की पाठीवरचे काटे पुढे करतो. विष असतं ते पाठीच्या, पोटाच्या आणि शेपटीजवळच्या ताठ काट्यांत. झुलणाऱ्या मोठ्या पंखांत नसतं, लोकांना नेमकं उलटं वाटतं. मुलाच्या बोटापासून कोपरापर्यंत कळ गेली. घरात कुणी बर्फ आणला, कुणी हळद. मी फोनवर सांगितलं, बर्फ नको, सोसेल इतकं गरम पाणी घ्या, पंचेचाळीस अंशांच्या वर नाही, आणि ते दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. हे विष उष्णतेने निकामी होतं. अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवल्यावर कळ ओसरली, मग दवाखान्यात नेलं. सूज, ॲलर्जी, धनुर्वाताचं इंजेक्शन हे डॉक्टरांनी बघायचं काम, ते टाळू नये. ज्या घरात लायनफिश आहे तिथे टाकीवर ही सूचना मी आता कागदावर लिहून चिकटवतो, आणि घरात रांगतं मूल असेल तर लायनफिश देतच नाही.

पिकासो ट्रिगरबद्दल मी आतापर्यंत वाईटच बोललो, त्याची दुसरी बाजूही सांगतो. साताऱ्याच्या एका हॉटेलात असा ट्रिगर सहा फुटी टाकीत एकटा आहे. तिथल्या वेटरांची चाल तो ओळखतो. शिंपले फोडतो, दगड तोंडात धरून एका जागेवरून दुसरीकडे नेतो, आणि दर काही दिवसांनी टाकीची रचना बदलतो. रात्री भोकात शिरून पाठीचा काटा असा ताठ करतो की कुणी ओढून काढू शकणार नाही. हीटरची वायर आणि हवेची नळी त्याने कुरतडली, म्हणून ती सगळी सामग्री आम्ही बाहेरच्या फिल्टरमध्ये हलवली. मिरजेतल्या टाकीत याच जातीचा मासा गुंड होता. इथे तो मला ठाऊक असलेल्या सगळ्या टाक्यांतला सगळ्यात रंजक प्राणी आहे. ज्या माशाचं वेगळेपण बघायचं, त्याला बहुतेक वेळा एकटाच ठेवावा, असं माझं मत त्याच्यामुळे पक्कं झालं.

ऑगस्ट २०१९चा महापूर आला तेव्हा या सगळ्या हिशेबाची परीक्षा झाली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. अशा दिवसांत माशांचं नाव काढणंही जड वाटत होतं, आणि आम्ही सगळे आधी माणसांच्या कामात होतो. पण ज्यांच्या टाक्या वरच्या मजल्यावर होत्या त्यांचे फोन येत राहिले. वीज नाही, पंप बंद, पाणी थांबलेलं. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी मावतो. सतत पोहणारी टँग आधी गेली. तळाला बसणारे, संथ मासे टिकले. जिथे माशांची गर्दी होती तिथे एक मेला, त्याने अमोनिया वाढला, आणि मागोमाग सगळे. जिथे मोठ्या टाकीत दोन-तीन मासे होते, तिथे घरच्यांनी तांब्याने पाणी वरून ओतत राहून आणि बॅटरीवरच्या छोट्या पंपाने ते जगवले. खायला घालू नका, एवढं एकच मी सगळ्यांना सांगत होतो; उपाशी मासा आठवडा काढतो, कुजलेला दाणा एका रात्रीत टाकी संपवतो. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं, तेव्हा बहुतेकांकडे बॅटरीचे पंप तयार होते.

पूर ओसरल्यावर एकाने विचारलं, उरलेला लायनफिश रत्नागिरीला नेऊन समुद्रात सोडू का? समुद्राचा जीव समुद्रात, बरं वाटेल त्याला. मी त्यांना फ्लोरिडाची गोष्ट सांगितली. हिंदी आणि प्रशांत महासागरातला हा मासा १९८५ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ सापडला, टाक्यांतून सोडलेल्या माशांमुळे तिथे पोचलेला. तिथल्या छोट्या माशांना त्याची ओळख नव्हती, मोठ्या माशांना त्याला खायची सवय नव्हती. आज तो कॅरिबियन समुद्र व्यापून ब्राझीलपर्यंत पोचला आहे. आपल्या समुद्रात लायनफिश मूळचा आहे हे खरं. पण टाकीतला मासा कुठून पकडलेला आणि कुठला रोग घेऊन आलेला, हे आपल्याला सांगता येतं का? त्यांनी तो सोडला नाही. साताऱ्याच्या एका टाकीत गेला.

चांगली गोष्ट ही, की सगळे मासे आता समुद्रातून ओरबाडून आणावे लागत नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी क्लाऊन आणि डॅमसेलच्या अनेक जातींची पिल्लं टाकीत वाढवायचं तंत्र बसवलं. ऐरोलीला महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साथीने क्लाऊन माशांचं प्रजनन केंद्र उभं केलं. टाकीत जन्मलेला क्लाऊन दाणा खायला शिकलेला असतो, काचेला बुजत नाही, जास्त टिकतो. आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाईड फवारून मासे बेशुद्ध करून पकडतात. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि पंधरवड्यात मरतो. म्हणून जन्म कुठला हे विचारावं, आणि दुकानदाराला सांगावं, माझ्यासमोर याला खायला घाला. खाल्लं नाही तर घेऊ नका, रंग कितीही मोहात पाडो.

सांगली-साताऱ्यात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची असेल त्यांनी टाकीत वाढलेले दोन क्लाऊन, एखादी कोळंबी आणि सिरॅमिकचे दगड एवढ्यावर पहिलं वर्ष काढावं. बॅटरीचा पंप मासे आणायच्या आधी घ्यावा. विचित्र मासा हवाच असेल तर एक टाकी, एक मासा. काऊफिश, मँडरिन, क्लीनर रॅस मागू नका. समुद्रघोडा कुणी देऊ केला तर घेऊ नका आणि वन विभागाला कळवा. आणि नकोसा झालेला मासा कृष्णेत, विहिरीत किंवा समुद्रात सोडू नका. ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्या, किंवा माझ्यासारख्या कुणालाही हाक मारा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.